रुकैया बेगमच्या शाळेची बस

दर वर्षी ९ डिसेंबर आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बेगम रुकैया सखावत हुसेन यांचा फोटो फिरायला लागतो. जन्म ९ डिसेंबर १८८०, मृत्यू ९ डिसेंबर १९३२. फोटोखाली स्त्रीशिक्षणावर एखादे जोरदार वाक्य असते. ते त्यांचेच आहे का, हे कुणी तपासलेले नसते. ज्यांनी थोडे जास्त वाचलेले असते ते ‘सुलतानाज् ड्रीम’चा उल्लेख करतात. १९०५ मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली ही कथा. तिच्यातल्या देशात बायका राज्य चालवतात, सूर्याची उष्णता वापरतात आणि पुरुष घरात पडद्यात बसतात. आमच्यासारख्या तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांना ही कथा फार आवडते, मलाही आवडते.

पण या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. रुकैया बेगमची मुख्य नोकरी लेखिकेची नव्हती. १९११ ते १९३२, म्हणजे मरेपर्यंत एकवीस वर्षे, त्या कलकत्त्यात मुलींची एक शाळा चालवत होत्या. सकाळी शिक्षिका आली का, गाडी निघाली का, फी जमली का, कुठल्या पालकाचे पत्र आले आहे, हे त्यांचे रोजचे काम होते. आपल्या पिढीला त्यांच्या लेखणीपेक्षा या कामाची माहिती जास्त हवी आहे, असे माझे मत आहे.

कुणी म्हणेल, पुण्यात फातिमा शेख असताना कलकत्त्याला कशाला जायचे? फातिमाबींचा मान कुणी काढून घेऊ शकत नाही. पण त्यांच्याबद्दल लिखित स्वरूपात आपल्या हाती फार थोडे आहे. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात त्यांचे नाव येते, एक जुने छायाचित्र आहे. वर्गात त्या काय करत, अडचण आली की काय निवडत, हे कळायला मार्ग नाही. रुकैया बेगमने मात्र आपल्या शाळेतल्या कटकटी स्वतः लिहून ठेवल्या आहेत, त्याही हसत हसत.

त्यांचा प्रवास आजच्या कुठल्याही बायोडेटात बसणार नाही. रंगपूर जिल्ह्यातले पैराबंद हे गाव, आता ते बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचे. भाऊ कलकत्त्याला कॉलेजात शिकले. मुलींना घरातच अरबी आणि उर्दू. बांगला शिकण्याला घरात विरोध, इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. मोठी बहीण करीमुन्निसा हिच्याकडून त्या बांगला शिकल्या. मोठा भाऊ रात्री सगळे झोपल्यावर दिव्याच्या उजेडात इंग्रजी शिकवायचा. शाळेच्या बाकावर त्या कधी बसल्याच नाहीत. लग्न झाले भागलपूरच्या डेप्युटी मॅजिस्ट्रेटशी. सय्यद सखावत हुसेन विधुर होते, वयाने बरेच मोठे होते, उर्दू बोलणारे होते. बायकोने लिहावे, वाचावे असे त्यांना मनापासून वाटत होते. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले. दोन मुली झाल्या, दोन्ही तान्ह्या असतानाच गेल्या. १९०९ मध्ये नवराही गेला.

त्याच वर्षी त्यांनी भागलपुरात पाच मुलींची शाळा काढली. पण सावत्र मुलीशी आणि जावयाशी मालमत्तेवरून वाद झाला आणि त्यांना भागलपूर सोडावे लागले. कलकत्त्याला येऊन १६ मार्च १९११ रोजी वलीउल्लाह लेनमध्ये त्यांनी तीच शाळा नव्याने सुरू केली. नाव तेच, सखावत मेमोरियल. मुली आठ. पुढे शाळेची काही रक्कम ज्या बँकेत ठेवली होती ती बँकच बुडाली. तरीही शाळा बंद पडली नाही.

ज्या बाईने शाळा आतून पाहिलेली नाही, तिने शाळा चालवायची कशी? एक शिक्षिका एकाच वेळी पाच-पाच मुलींना कशी शिकवत असेल, हेच सुरुवातीला त्यांना उमगत नव्हते, असे सांगितले जाते. मग त्या कलकत्त्यातल्या ब्राह्मो आणि हिंदू मुलींच्या शाळांमध्ये जाऊन बसल्या. घंटा कधी होते, वर्ग कसे लावतात, शिक्षिका काय बोलते, ते पाहिले. त्या शाळा चालवणाऱ्या बायकांशी मैत्री केली. आपल्यात एक सवय आहे. दुसऱ्या समाजाच्या संस्थेचे काही चांगले दिसले की एकतर हळहळायचे, नाहीतर त्यात खोट काढायची. तिथे जाऊन मागच्या बाकावर बसून टिपणे काढणारे कमी. आमच्या कंपनीत नवा माणूस आला की पहिले काही दिवस तो दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचत बसतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. शाळेच्या बाबतीत आपल्याला का वाटावा?

मुली मिळवायला त्या घरोघर गेल्या. आईबापांना जे ऐकायचे होते ते त्यांनी आधी ऐकून घेतले. भीती एकच होती, पडदा. म्हणून शाळेने हमी दिली की मुलगी घराच्या दारातून बंद गाडीत बसेल आणि शाळेच्या दारात उतरेल. आधी घोडागाडी होती, नंतर मोटार बस आली. या बसची गोष्ट त्यांनी ‘अवरोधबासिनी’ या पुस्तकात लिहिली आहे. पुस्तक १९३१ चे. ती गोष्ट मी इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण शाळा चालवणे म्हणजे काय हे मला तिच्यातूनच कळले.

नवी बस आली. आदल्या दिवशी एक इंग्रज शिक्षिका ती पाहून आली आणि म्हणाली, आत इतका अंधार आहे की मी यात कधीच बसणार नाही. बस सगळीकडून बंद होती. मागच्या आणि पुढच्या दारावर काही इंच रुंदीची जाळी, तेवढीच हवा. पहिल्याच दिवशी मुलींना घरी सोडून आलेल्या बाईने सांगितले की आत भयंकर उकडते, कुणाला उलटी झाली, लहान मुली अंधारात रडल्या. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या झडपा उघडून तिथे रंगीत पडदे लावले. तरी काही मुलींना चक्कर आली, काहींचे डोके दुखले. संध्याकाळी एक हिंदू मैत्रीण भेटायला आली. शाळेचे कौतुक करून झाल्यावर तिने बसचा विषय काढला. रस्त्यावरून एक मोठे कपाटच चालले आहे असे तिला वाटले होते, आणि तिच्या भाच्याने तर त्या बसला चालत्या काळकोठडीची उपमा दिली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी चार-पाच मुलींच्या आया तक्रार घेऊन आल्या: आमच्या मुली या गाडीत मरतील.

आणि त्याच संध्याकाळी टपालाने चार पत्रे आली. एक इंग्रजीत, सही ‘ब्रदर-इन-इस्लाम’ अशी. तीन उर्दूत, त्यातली दोन निनावी आणि तिसऱ्यावर पाच जणांच्या सह्या. सगळ्यांचा मजकूर एकच. आम्ही शाळेचे हितचिंतक आहोत. बसचे पडदे वाऱ्याने उडतात, त्यामुळे मुलींची बेपर्दगी होते. उद्यापर्यंत बंदोबस्त झाला नाही तर, शाळेच्या भल्यासाठीच, आम्ही उर्दू अखबारांत हे सगळे लिहू आणि मुलींना अशा गाडीतून जाऊ देणार नाही.

म्हणजे झडप बंद केली तर मुली गुदमरतात, पडदा लावला तर शाळा बंद पडते. दोन्ही बाजूंची माणसे स्वतःला शाळेचे हितचिंतकच म्हणवतात. पत्रे आली त्या रात्री हेडमिस्ट्रेसने काय करायचे?

आपल्या चळवळीत हा प्रश्न टाकला की लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, तत्त्वाला चिकटून राहा, पडदाच काढा, ज्यांना यायचे ते येतील. दुसरा म्हणतो, समाजाला दुखवू नका, हळूहळू होईल. रुकैया बेगम यांपैकी कुठल्या गटात होत्या? मी बराच विचार केला आणि मला वाटते, दोन्हींत नव्हत्या. त्यांनी स्वतः आयुष्यभर पडदा पाळला. शाळेची गाडी बंदच राहिली. पण तो प्रसंग त्यांनी गुपचूप गिळला नाही. पुढे तो नावानिशी, तारखांच्या भानगडीत न पडता, छापून टाकला, असा की वाचणाऱ्याला हसूही यावे आणि शरमही वाटावी. शाळेच्या दारात तडजोड आणि कागदावर नाही, अशी त्यांची विभागणी होती.

त्याच पुस्तकात दुसरी एक गोष्ट आहे. एका वडिलांनी पत्र लिहिले की बस आमच्या गल्लीत येत नाही, त्यामुळे मुलीला बुरखा घालून मोलकरणीबरोबर चालत जावे लागते, आणि काल चहाची किटली घेऊन येणाऱ्या माणसाशी टक्कर होऊन तिचे कपडे खराब झाले. रुकैया बेगमने एका शिक्षिकेला चौकशीला लावले. चौकशीत निघाले की त्या बुरख्याला डोळ्यांसाठी जाळीच नव्हती. मोलकरीण मुलीला जवळजवळ उचलून आणायची. आधी एकदा ती मांजरावर अडखळली होती. मुलीचे वय नऊ.

या गोष्टीत मला त्यांची कामाची पद्धत दिसते. तक्रार आली. त्यांनी वडिलांना उलट पत्रात भाषण दिले नाही, तक्रार फाडूनही टाकली नाही. माणूस पाठवून नेमके काय झाले ते काढले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हेच करतो. वापरणारा म्हणतो ‘चालत नाही’, तेव्हा तो जे कारण सांगतो ते बहुतेक वेळा खरे कारण नसते. इथेही कारण बसच्या मार्गात नव्हते, बुरख्याच्या शिवणीत होते.

पडद्याबद्दल त्यांचे मत काय होते, हेही नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यांना आपापल्या सोयीने ओढणारे दोन्हीकडे आहेत. माफक पडदा आणि बाईला चार भिंतींत कोंडून ठेवणे या दोन गोष्टी त्या वेगळ्या मानत. बुरख्यावरच्या निबंधात त्यांनी बुरख्याची बाजूच घेतली आहे आणि शिक्षणातला खरा अडथळा वेगळ्या शाळा व शिकवणाऱ्या बायका नसण्यात आहे असे म्हटले आहे. दुसरीकडे १९०४ मध्ये स्त्रियांच्या अधोगतीवर त्यांनी जो निबंध लिहिला, त्यात धर्मग्रंथांच्या नावाने पुरुषांनी चालवलेल्या सत्तेवर इतके कडक लिहिले होते की पुस्तकात घेताना त्यातले काही परिच्छेद वगळावे लागले. ही सगळी एकच बाई आहे. तिला ‘आमची’ म्हणणाऱ्यांनी तिचा अर्धाच भाग घेऊ नये.

तडजोडीची किंमतही होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बंद गाडीतल्या मुलींना झालेला त्रास खराच होता. बांगलाच्या बाबतीतही तसेच. रुकैया बेगम आयुष्यभर बांगलात लिहीत राहिल्या, बंगाली मुसलमानाने बांगला ही आपली भाषा मानावी असा त्यांचा आग्रह होता. पण कलकत्त्यातली खानदानी घरे उर्दू बोलणारी, म्हणून शाळा उर्दू माध्यमाची. बांगलाचा वर्ग सुरू केला तेव्हा मुलींअभावी तो टिकला नाही, पुढे पुन्हा सुरू करावा लागला. घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, नोकरीत इंग्रजी अशा आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. माध्यमाचा वाद जिंकण्यापेक्षा मुलगी कुठल्या का माध्यमात होईना, वर्गात बसलेली राहणे त्यांना महत्त्वाचे वाटले. माझा कल त्यांच्याच बाजूने आहे, तरी ज्यांना बांगला शिकायचे होते अशा मुलींचे त्यात नुकसान झाले हेही तितकेच खरे.

जिथे तडजोड केली नाही, ती जागा शिक्षिकांची. प्रशिक्षित मुस्लिम शिक्षिका कलकत्त्यात जवळपास नव्हत्याच. मद्रास, आग्रा, गया अशा लांबच्या ठिकाणांहून बायका आणाव्या लागत. ज्या मिळत त्यांना शिकवायचे कसे हे त्या स्वतः शिकवत. पण एका शाळेने एवढा प्रश्न सुटणार नव्हता, म्हणून सरकारच्या मागे लागल्या. १९१९ मध्ये कलकत्त्यात मुस्लिम बायकांसाठी सरकारी प्रशिक्षण शाळा निघाली, तिच्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. तीन वर्षे आधी, १९१६ मध्ये, त्यांनी अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम काढली होती. या अंजुमनच्या बायका गरीब वस्त्यांत जाऊन अक्षरओळख करून देत, विधवांना मदत करत. शाळेत कुराण अर्थासह, भाषा, घरगुती शुश्रूषा, प्रथमोपचार, शिवण, स्वयंपाक, शिवाय व्यायाम. वाचताना ‘स्वयंपाक’ शब्दावर नाक मुरडू नका. पालक त्या विषयासाठी मुलगी पाठवत आणि मुलगी बाकीचे सगळे शिकून जाई. आठ मुलींची संख्या १९१५ पर्यंत ऐंशीच्या वर गेली. १९१७ मध्ये शाळा माध्यमिक इंग्रजी झाली, १९३० च्या सुमारास हायस्कूल. इमारती मध्ये अनेक बदलल्या. आज ती कोलकात्याच्या लॉर्ड सिन्हा रोडवर सरकारी मुलींची शाळा आहे.

आठ मुलींपासून हायस्कूलपर्यंत जायला वीस वर्षे लागली. आपल्याकडे एका ट्रस्टवर निवडून आलेले नवे मंडळ पहिल्या वर्षात नावाची पाटी बदलते, दुसऱ्या वर्षात स्नेहसंमेलनाला मंत्री आणते आणि तिसऱ्या वर्षात आपसात भांडते. मुख्याध्यापिका बिचारी तिघांच्या मध्ये. माझी एक आतेबहीण अशाच एका उर्दू हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे. तिला ‘नेतृत्व’ या विषयावर प्रशिक्षण मिळाले. दोन दिवस, जेवणासकट, स्लाइडवर डोंगर चढणारा माणूस. परत आल्यावर तिने पहिले काम कोणते केले, तर मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. आठवी-नववीच्या मुली दुपारनंतर घरी का जातात याचे उत्तर तिला त्या कडीत सापडले होते. ट्रस्टींच्या बैठकीत हा विषय ‘किरकोळ’ म्हणून शेवटी घेतला गेला.

किरकोळ म्हणजे नेमके काय? उडुपीच्या सरकारी मुलींच्या पदवीपूर्व महाविद्यालयात डिसेंबर २०२१ पासून हिजाब घातलेल्या मुलींना वर्गाबाहेर ठेवले गेले. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारचा आदेश आला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. न्या. धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाला सर्वांत वर ठेवले. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने असेच परिपत्रक काढले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या हिजाब-टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली. टीव्हीवर महिनोन्महिने चर्चा झाली ती कापडावर. गेटवरून परत गेलेल्या मुलीने पुढे परीक्षा दिली का, हे विचारणारे थोडे.

कलकत्त्याच्या त्या चार पत्रांमधला ‘ब्रदर-इन-इस्लाम’ आणि उडुपीच्या गेटवरचा अधिकारी एकमेकांना पाहून चिडतील, पण दोघांची मागणी सारखीच आहे: माझ्या मनासारखे कापड नसेल तर मुलगी घरी. एकाला पडदा उडायला नको होता, दुसऱ्याला डोक्यावर नको होता. रुकैया बेगमला हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी आधी गाडी सुरू केली असती, मुलगी आत बसवली असती आणि मग सावकाश दोघांवर लेख लिहिला असता, असे मला वाटते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे, मग तो आपला असो की सरकारचा.

या चळवळीत येणाऱ्या तरुणांना मी नेहमी एक विचारतो: तुम्हाला भाषण करायचे आहे की शाळा चालवायची आहे? प्रश्नात थोडी कुचेष्टा आहे, कबूल. रुकैया बेगमने दोन्ही केले. पण त्यांच्याकडे भाषणाला वजन होते, कारण ऐकणाऱ्यांच्या मुली त्यांच्याच शाळेत शिकत होत्या. आपल्यातल्या ज्यांना बी.एड. करायचे आहे, त्यांनी ते दुसऱ्या क्रमांकाची निवड समजून करू नये. ज्यांच्या हातात ट्रस्ट आहे त्यांनी बी.एड. झालेल्या मुलीला नोकरी देताना देणगीचा आकडा विचारू नये. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो आपल्या गावातल्या किती मुलींनी काढला आहे हे शाळेच्या कारकुनाला विचारायला कुठल्याही ट्रस्टची परवानगी लागत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून महिना होत आला. सुट्टीनंतर ज्या मुली परत आल्या नाहीत, त्यांची नावे या क्षणी हजेरीपटावर आहेत, पुढे लाल शाईने गैरहजर लिहिलेली. काही दिवसांनी ती नावे कमी होतील. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत या आठवड्यात जा, मुख्याध्यापिकेला सलाम करा, ती यादी मागा आणि त्यातल्या पहिल्या घराचा पत्ता विचारून घ्या.